दारात म्हटलेलं ‘या’

विश्वास कुणावर ठेवाल, सांगा बघू? जाग्या बापाच्या कानांवर, की झोपेतून उठलेल्या पाच वर्षांच्या पोरीवर? घाई नको. आधी ऐका, मग बोला. आणि उडवून लावू नका. ज्याच्यावर हे गुदरलं, त्याच्या घरची गादी आपल्याच दुकानातून गेलेली.

फ्रिज दुरुस्त करणारा माणूस तो. थंडीत त्याचा धंदा बसतो. फ्रिज बिघडला तरी लोक दूध खिडकीत ठेवतात आणि मोकळे होतात. म्हणून हिवाळाभर बायको हॉस्पिटलात रात्रपाळी करायची आणि हा पोरं सांभाळायचा. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीडचा. मोजे चढवा, नाकं पुसा, ओले कपडे हीटरपुढे धरा, परत नाकं पुसा. महिनाभर सलग झोप नाही. राग नाही, दुःख नाही. नुसता बधिर.

गेल्या जानेवारीतला दुसरा बुधवार. संध्याकाळी धाकट्याची छाती घरघरायला लागली. बायको निघताना बजावून गेली, “अहो, तासातासाला उठून त्याचा श्वास बघा. मेल्यागत झोपू नका.” आठच्या सुमाराला हा दोन्ही पोरांना घेऊन औषधाला गेला.

औषधवाला म्हणाला, “साहेब, बाटली पोराला पाजायची हं. तुमचा चेहरा बघून वाटतंय, इथेच तोंडाला लावाल.”

हा हसलासुद्धा नाही.

परतताना खांद्यावर मुलगा, एका हाताला मुलगी, पिशवी बोटाला लटकलेली. मागून कुणी बाई आली. “द्या ती पिशवी, मी तिकडेच चाललेय.” दिली त्याने. चेहरा बघितला नाही. मान वळवायचंही जिवावर आलेलं. दारापाशी तिने पिशवी टेकवली.

“बरं, येते मी.”

“हो, या,” हा म्हणाला. आपण सगळेच म्हणतो. निघालेल्या माणसाला ‘जा’ कोण म्हणतं?

कडी लावली. औषध पाजलं. तिघंही एका गादीवर, एका रजईत.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मुलीने त्याला हलवलं.

“बाबा, त्या मावशींना सरकायला सांग ना.”

“कोण मावशी?”

“पिशवीवाल्या. तूच म्हणालास ना त्यांना... या.”

“झोप गं.”

पण श्वास बघायचा होताच. अंधारात कान दिला. एक मुलीचा. एक स्वतःचा. आणि तिसरा, लांब, सावकाश. माणसं तीन, श्वास तीन. जुळलं. त्याने डोळे मिटले.

मग उघडले.

धाकट्याची छाती तर घरघरत होती.

घरघर... कुठे गेली?

हात पुढे केला. पोराचं कपाळ लागलं. गाल. आणि तोंडावर... तळहात. गार. मोठ्या माणसाचा.

त्याला बोलायचं होतं. जिभेवर आलं ते रोजचंच. बरं, या आता. ओठांपर्यंत आलं. गिळलं त्याने.

“...जा.”

काही नाही.

“जा!”

गादीवरून वजन उठलं. पाऊल वाजलं नाही. कडी वाजली नाही.

आणि धाकट्याने असा टाहो फोडला, की शेजारच्यांचे दिवे लागले.

सकाळी बायको आली, तेव्हा कडी आतूनच होती. पोरगा खेळत होता. दोन्ही पोरांच्या जागांमध्ये गादीला खळगा पडलेला, मोठ्या माणसाएवढा. गादी उन्हात टाकली. मग कापूस पिंजून परत भरला, आपल्याच दुकानात, आपल्या डोळ्यांदेखत. चार दिवसांनी खळगा पुन्हा त्याच जागी. परवा त्याला विचारलं, तर चहा फुंकत म्हणाला, “असतो तो.” भिंतीच्या ओलीबद्दल बोलावं, तसं.

म्हणून सांगतो. दिवा मालवलात की घरातली माणसं मोजत जा, आणि हिशेब खरा ठेवा. आकडा जुळला म्हणून झोपू नका. कोण कोण आहे, ते एकेकाला हात लावून मांडा.