कुणाला हवेत पाच व्होल्ट?

रिद्धीने लॅबचा दरवाजा ढकलायला आणि धम्मदीपने चहाचे ग्लास घेऊन बाहेर पडायला एकच गाठ पडली. चहा थेट तिच्या ओढणीवर!

"सॉरी, सॉरी... भाजलं का?"

"मला नाही. तुला आता भाजेल," ती डोळे वटारून म्हणाली आणि स्वतःच हसली.

आनंदनगर एमआयडीसीतल्या त्या छोट्या कंपनीत अंबरनाथचा धम्मदीप मशीनचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायचा. बदलापूरहून येणारी रिद्धी नवीन. ती ड्रायव्हर, म्हणजे ते बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर लिहायची. लवकरच दोघांची जुंपली. मशीन सुरू केलं की त्याची स्क्रीन झकास उजळायची आणि जरा वेळाने आपोआप विझायची.

"तुझ्या वायरिंगमध्ये घोळ आहे."

"मॅडम, बोर्डवरचा रेग्युलेटर स्क्रीनला पक्के पाच व्होल्ट देतोय. तुमची फाइल बघा की!"

बोलताना तो गालातल्या गालात हसायचा... आणि हिचा निम्मा राग तिथेच ओसरायचा.

अशात त्याला बंगलोरच्या नोकरीची ऑफर आली. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्याने जाऊ नये, असं रिद्धीला वाटत होतं. पण सांगायचं कसं? रोज त्याच्यासाठी डब्यात जास्तीची भाकरी आणते, एवढ्यावरून कळू नये माणसाला?

दुपारी दोघं खांद्याला खांदा लावून तिची फाइल वाचत होते. बोर्डवर काय काय आहे, ते सिस्टिमला सांगणारी फाइल. धम्मदीपचं बोट थबकलं.

"रेग्युलेटर लिहिलायस, पाच व्होल्टही लिहिलेस. पण ते स्क्रीनला लागतात, हे कुठेय?"

"त्यात लिहायचं काय? जोडलेली दिसतेय की!"

"तुला दिसतेय गं. सिस्टिमला कसं कळणार? कुणी मागितलंच नाही, म्हणजे कुणाला नकोय, असं समजून ती सप्लाय बंद करते."

रिद्धीने ती ओळ लिहिली. स्क्रीन उजळली. दोघं श्वास रोखून बघत राहिले... विझली नाही!

"चला, जाण्याआधी एवढं मार्गी लागलं," म्हणत त्याने होकार कळवायला मोबाइल काढला.

"धम्मदीप, थांब ना..."

"काय झालं?"

"मला तू हवायस. इथे. रोज – भांडायला पण."

त्याने मोबाइल खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मला जायचंच नव्हतं गं. कुणी अडवत नव्हतं, म्हणून निघालो होतो."

"मी अडवतेय."

"मग नकार तूच लिही. ओळी लिहिणं तुझं काम."

तिने फोन घेऊन नकार लिहिला. पाठवला मात्र दोघांनी मिळून.