सहा महिन्यांची अट

"हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या... धरा."

मी श्वास धरला. का धरला, ते मला आजही सांगता येणार नाही. मी फोटो काढायला आलेच नव्हते. कासाच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, आतून कुणीतरी "पुढचे कोण?" म्हणालं, मी उठून आत गेले, आणि बघता बघता त्या थंडगार पाटीला छाती टेकून उभी राहिले. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. आत फक्त तो एक शांत आवाज.

"तुमचा कागद दिसत नाही इथे," आवाज म्हणाला.

मी श्वास सोडला. "कागद नाहीये. मला नवा फोटो नकोय. जुना हवाय."

"किती जुना?"

"सतरा वर्षांपूर्वीचा."

आडोशामागून तो बाहेर आला. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझ्याकडे क्षणभर बघत राहिला.

"मग श्वास कशाला धरलात?"

"तुम्ही धरा म्हणालात म्हणून."

त्याने ओठ दाबून हसू आवरलं. खिशावर नावाची पट्टी होती – दर्शन. आणि मी शितल. तलासरीजवळच्या पाड्यावरची, डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात सहा वर्षं मालाची तपासणी करणारी, आणि त्या दिवशी खूप घाबरलेली.

घाबरायला कारण होतं. ब्रिटनमधल्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. ती कंपनी हवामान मोजायचे फुगे बनवते. त्यांच्या साइटवर मी एका फुग्याचा फोटो पाहिला होता. मानेजवळ रबराचा एक पट्टा पातळ दिसत होता. साचा लेटेक्सच्या, म्हणजे पातळ रबराच्या, हौदातून वर काढताना हात घाई करतो तेव्हा असा पट्टा पडतो, हे मला सहा वर्षांत पाठ झालेलं. रात्रभर शब्द जुळवून मी त्यांना मेल लिहिला – तुमचे फुगे मानेपासून फुटत असणार. आठ दिवसांनी उत्तर आलं. हो, तिथूनच फुटतात. तुम्ही कोण?

मग तीन मुलाखती झाल्या. तीन वर्षांपूर्वी त्या कंपनीत आठ माणसं होती, आता एकशे चाळीस. अशा झपाट्याने वाढणाऱ्या कंपन्यांना बाहेरची कुशल माणसं बोलावता यावीत म्हणून तिकडच्या सरकारचा वेगळा व्हिसा आहे. माझी बी.एस्सी. चालली, कामाचा अनुभव चालला, इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. कंपनीने हमीपत्राचा नंबर पाठवला. तो नंबर तीन महिने चालतो, तेवढ्यात अर्ज गेला पाहिजे. राहिलं होतं एकच, टीबी नसल्याचा दाखला. आणि मुंबईच्या क्लिनिकमध्ये माझ्या फोटोत उजव्या बाजूला, वरती, एक ठिपका निघाला.

"लहानपणी झाला होता मला," मी दर्शनला सांगितलं. "इथल्या आश्रमशाळेत होते. नऊ वर्षांची. याच दवाखान्यातून गोळ्या घेतल्या, बरी झाले. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, तेव्हाचा फोटो असेल तर आणा, ठिपका तेवढाच आहे का ते बघू. नाहीतर थुंकीची तपासणी, निकालाला आठ आठवडे."

"सतरा वर्षांच्या फिल्म कुणी ठेवत नाही हो," तो हळूच म्हणाला. माझा चेहरा बघून लगेच पुढे म्हणाला, "पण रजिस्टर असेल. चार वाजता माझी ड्यूटी संपते. थांबाल?"

मी थांबले. सहा वाजेपर्यंत आम्ही दोघं मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं चाळत होतो. बोटं धुळीने काळी झाली. मध्येच त्याने विचारलं, "फुगे म्हणजे... वाढदिवसाचे?"

"ते इथे. तिकडचे आभाळाचे. खाली सोडताना माणसाएवढा असतो. वर हवा विरळ, म्हणून फुगत जातो. तीस किलोमीटरवर जाईपर्यंत घराएवढा होतो. खाली एक छोटी डबी लटकवलेली असते, ती थंडी-वारा मोजून कळवत राहते."

त्याचा हात पानावर थांबला. "तीस किलोमीटर... म्हणजे इथून तलासरी जेवढं लांब, जवळजवळ तेवढं वर?"

"जवळजवळ तेवढं."

खिडकीतून पावसाच्या ढगांकडे बघत तो म्हणाला, "आणि ते तुमच्या हातचं रबर असणार." एवढंच. कुणी माझ्या कामाकडे असं बघितलेलं मला आठवत नव्हतं.

माझं नाव शेवटी सापडलं. शितल काकड्या, वय नऊ, उपचार पूर्ण. त्याने त्यावर बोट ठेवलं आणि मला का कोण जाणे, रडू आलं. नक्कल काढून, सही-शिक्का आणून त्याने कागद माझ्या हातात दिला.

"घरी विचारा एकदा," तो म्हणाला. "आया फिल्म टाकून देत नाहीत."

आईला विचारलं. हिरी माझी आई, कमी बोलणारी. "फोटू ना? आहे की," म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

फिल्म आहे म्हणून मी कळवलं, तसा रविवारी दर्शन मोटारसायकलवरून पाड्यावर आला. रस्ता विचारत, अर्धा भिजून. आईने त्याला कोरा चहा दिला, मग माळ्यावरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत फिल्म होती. अर्धी.

"उरलेली कुठंय?" मी विचारलं.

"गिरान लागलं होतं तेव्हा कापली. सगळ्या पाड्यानं बघितला सूर्य. निम्म्यांनी ह्या तुकड्यातून, निम्म्यांनी त्या."

"असं बघू नये, मावशी," दर्शन म्हणाला. "डोळे जातात."

"कुणाचे नाय गेले," आई म्हणाली. "पोरीच्या छातीतून सूर्य काळा होताना दिसला. हात जोडले मग सगळ्यांनी."

ती अर्धी फिल्म घेऊन दर्शन ओटीवर गेला आणि ढगांच्या उजेडात धरली. मी त्याच्या खांद्याशी उभी. इतकी जवळ, की त्याच्या शर्टातून पावसाचा वास येत होता.

"हे बघा. हा श्वासनळीचा बुंधा. इथून फांद्या फुटतात, मग फांदीला फांदी... शेवटी इतक्या बारीक की यंत्रालाही दिसत नाहीत. खाली वाढणारं झाड आहे हे. रोज चाळीस-पन्नास जणांचं बघतो मी. अजून सवय होत नाही."

"आणि ठिपका?"

"हा. उजव्या बाजूला वर. नशीब, हीच बाजू उरली." त्याने बोट अगदी जवळ नेलं, पण टेकवलं नाही. "ही जखम नाहीये. भरलेली जखम आहे. तुम्ही नऊ वर्षांच्या होतात, शाळेत होतात, खेळत होतात, आणि तुमच्या शरीराने कुणाला न सांगता आतून गिलावा करून घेतला."

मी माझ्याच छातीकडे बघत होते. नऊ वर्षांच्या त्या छातीकडे. आणि तो, इतकं सगळं आतलं बघून झाल्यावर, पहिल्यांदाच नीट माझ्या डोळ्यांत बघत होता.

"अहो-जाहो पुरे ना आता," मी म्हटलं. "माझी फुप्फुसं पाहून झाली तुमची."

"मग तूही पुरे कर," तो म्हणाला.

मुंबईचे डॉक्टर भले होते. त्यांनी रजिस्टरची नक्कल वाचली, फिल्म दिव्यावर लावली. ठिपका तोच, तेवढाच, असं त्यांनाही वाटलं. पण फिल्मवरचं नाव कापलेल्या कोपऱ्यात गेलं होतं. ती माझीच, हे कशावरून? नियम नियमाच्या जागी. तीन सकाळी तीन नमुने, आणि आठ आठवडे थांबायचं.

मी हिशोब केला. हमीपत्राचे तीन महिने संपायला तेव्हा दहा आठवडे उरले होते.

ते आठ आठवडे... कसे सांगू? मी रोज कारखान्यात जायचे आणि साच्यांवरून रबर उतरताना बघत राहायचे. तो त्याच्या गावाहून, वरोरहून, कासाला जाता-येता डहाणूत थांबायचा. कधी पारनाक्यावर समुद्राकडे तोंड करून आम्ही भुईमुगाच्या शेंगा खायचो, कधी नुसते छत्रीत. त्याची आई मासळी विकते, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. जरा हनुवटी वर करून.

"माझी भाताची लावणी करते," मी म्हटलं. "तुझ्या आईपेक्षा जास्त चिखलात."

तो मोठ्याने हसला. तेव्हापासून त्याने हनुवटी खाली ठेवली.

एका दुपारी मी त्याला कारखान्यात नेलं. कंपनीने नमुना म्हणून मला एक मोठा फुगा पाठवला होता. रिकाम्या गोदामात आम्ही पंप लावला. फुगा जमिनीवरून उठला, गुडघ्याएवढा झाला, कमरेएवढा, मग आमच्या डोक्यावर गेला. झरोक्यातून ऊन आलं आणि ते सगळं रबर आतून उजळलं. इतकं पातळ, की पलीकडे दर्शन दुधात बुडाल्यासारखा दिसत होता. त्याने पलीकडून तळवा टेकवला. मी अलीकडून. मध्ये केसाएवढं रबर. आणि ते हलत होतं, जिवंत असल्यासारखं.

"शितल," तो पलीकडून म्हणाला, "त्या व्हिसात आणखी काय काय लिहिलंय?"

"दोन वर्षांचा असतो. पहिले सहा महिने त्याच कंपनीत काम करायचं. मग मोकळी. कुठेही नोकरी करता येते, कुणाची हमी लागत नाही." मी जरा थांबले. "आणि... नवऱ्यालाही नेता येतं."

"विचारतेयस, की माहिती देतेयस?"

"माहिती."

"बरं. माहिती ऐकली."

फुगा असल्यामुळे त्याला माझा चेहरा दिसला नाही, हे बरं झालं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. तीनही नमुने स्वच्छ. हमीपत्राचे नऊ दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी मी अर्ज भरला. दर्शन शेजारच्या खुर्चीत बसून प्रत्येक रकाना मोठ्याने वाचत होता. पासपोर्ट नंबर. हमीपत्राचा नंबर. कामाचा प्रकार. पगार. इंग्रजीचा दाखला. टीबीचा दाखला. मग एका रकान्याशी त्याचा आवाज अडला. 'वैवाहिक स्थिती.'

"अविवाहित," मी टाइप केलं. त्याने पुढचा रकाना वाचायला घेतला.

व्हिसा तीन आठवड्यांत आला. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही वरोरच्या किनाऱ्यावर होतो. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, बोंबील वाळत घालायच्या काठ्या रिकाम्या उभ्या होत्या. मी ठरवूनच आले होते.

"दर्शन, त्या दिवशी मी माहिती देत नव्हते."

"माहीत आहे मला."

"मग?"

त्याने वाळूत अंगठ्याने एक रेघ ओढली. "मला तू आवडतेस. किती, ते सांगायला गेलो तर तुझी गाडी चुकेल. पण आज नको विचारू. मीही नाही विचारणार. सहा महिने तू त्या कंपनीला बांधलेली आहेस. त्याच सहा महिन्यांत मी आणखी एक गाठ मारू का? ते सहा महिने जाऊ देत. तू तिथे मोकळी झालीस, सगळं जग बघितलंस, की मग मी विचारीन. तेव्हा जे म्हणशील ते खरं."

"ही अट कुठल्या नियमात आहे?"

"माझ्या."

मला राग आला. आणि रागाच्या खाली, खूप खोल, काहीतरी भरून आलं. मी त्याचा हात धरला आणि भरती पायाला लागेपर्यंत सोडला नाही.

तिकडची थंडी, तिकडचे ठेंगणे डोंगर, तिकडची मेंढरं... सगळं त्याला फोनवर दाखवलं. तो अट पाळत होता. हवा कशी आहे विचारायचा, जेवलीस का विचारायचा, बाकी काही नाही. मीही हट्टाने हवा आणि जेवण एवढंच सांगायचे. मानेचा पट्टा दुरुस्त व्हायला मला चार महिने लागले. साचा किती सावकाश उचलायचा, ते मी तिथल्या माणसांना हाताला धरून शिकवलं.

फेब्रुवारीत माझ्या हातचा पहिला फुगा सोडायचा होता. तिकडे दुपार, इकडे संध्याकाळ. दर्शन ड्यूटी संपवून दवाखान्याच्या गच्चीवर आला होता. मी फोन उंच धरला. दोर सुटला. फुगा गेला... आधी भोपळ्याएवढा, मग चिकूएवढा, मग मोहरीएवढा, मग नाही.

मी धावत आत गेले आणि फोन पडद्यासमोर धरला. डबीत रुंद भिंगाचा कॅमेरा होता, तिरका वर बघणारा. दहा किलोमीटर. वीस. तीस. निळं आभाळ जांभळं झालं, मग भर दुपारी काळं. एकशे चाळीस माणसांची कंपनी, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. त्या काळ्यात माझा फुगा घराएवढा झाला होता, उन्हाने पेटलेला, आणि पडद्याच्या कडेला पृथ्वी वाकलेली दिसत होती. पूर्वीचे फुगे अठ्ठावीसवर फुटायचे. हा तेहतीसवर गेला. चौतीसवर. मग एकदम पांढऱ्या चिंध्या झाल्या आणि पडदा गरगरायला लागला.

सगळे टाळ्या वाजवायला लागले. मला ऐकूच आलं नाही. फोनमध्ये दर्शनचा चेहरा होता, तोंड किंचित उघडं, डोळे भरलेले.

"शितल," तो म्हणाला. आवाज नीट येत नव्हता. "माझ्याशी लग्न करशील?"

"अजून दीड महिना आहे," मी म्हटलं. "अट आहे."

"माझीच होती ती. नाही जमत मला. हे बघितल्यावर कुणाला जमेल?"

मी कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड केलं, कारण सगळी कंपनी बघत होती.

"तिकडे कुणी राहायचं, इकडे कुणी यायचं, काहीच ठरलेलं नाही आपलं," मी म्हटलं.

"नाही ठरलेलं. ठरवू. मुहूर्त काढायला आई तुझ्या घरी जाईल म्हणतेय. वैशाखात येशील?"

"नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. मी तो दोन क्षण तसाच पडू दिला. चार महिने नुसतं हवा आणि जेवण विचारल्याबद्दल.

"चैत्रात येते."