भावना सिस्टरच्या हातावरचं पाणी

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण भावना सिस्टर आजही त्याच नोकरीवर आहे. आणि भूतखेत मानणाऱ्या घरातली ती मुळीच नाही.

गेल्या मे महिन्यातली टळटळीत दुपार. टेंभुर्णीकडचं एक छोटं सरकारी रुग्णालय.

भावना सकाळपासून वैतागलेली. मोटार जळालेली, नळ कोरडे. तक्रारी करून तोंड दुखलं. उकळून गार केलेल्या पाण्याची एकच बादली. त्यात अर्पिता नावाची पहिलटकरीण कळा देत होती आणि तिची सासू दैवशालाबाई सारखी चपला घालून बाळंतपणाच्या खोलीत.

"मावशी, किती वेळा सांगू? चपला बाहेर! कशाला हात लावू नका!"

"माझे चार घरीच झाले. काय झालं मंग?"

भावनाने तिला बाहेर घालवलं. मदतनीस केशरबाईंना हातमोजे आणायला पिटाळलं. आतून कडी लावली.

आता हात धुवायचे. पण मगाने ओतणार कोण?

"हातावर पाणी घालायलासुद्धा माणूस नाही इथं!" ती बेसिनपाशी ओरडली.

आणि...

मागून तिच्या हातांवर धार आली.

गार. मे महिन्यात नसतं, इतकं गार.

केशरबाई आल्या असतील. मान न वळवता तिनं साबण लावला. बोटांच्या फटी, नखं, मनगटं. धार थांबली. फेस झाला, तशी पुन्हा लागली.

"बस."

धार चालूच...

"बस म्हटलं ना, केशरबाई! बाळ येऊन राह्यलं!"

चालूच.

चिडून तिनं दोन्ही हात पुन्हा कोपरापर्यंत चोळले. तेव्हा कुठे धार थांबली.

भावना वळली.

कोणीच नव्हतं...

कडी तशीच. बादली काठोकाठ भरलेली. शेजारचा मग कोरडाच.

पण घाबरायला सवड कुठे होती? बाळाचं डोकं दिसत होतं. उरलेला शेवटचा हातमोज्यांचा जोड तिनं चढवला.

मुलगी झाली. खणखणीत रडली.

थोड्या वेळानं अर्पिता हळूच म्हणाली, "सिस्टर, त्या दुसऱ्या बाई कुठं गेल्या?"

"कोणत्या?"

"पाणी घालू राह्यल्या होत्या ना... त्यांचे हात लई पांढरे होते. धुऊन धुऊन सुरकुतल्यावानी."

तेवढ्यात दार वाजलं.

भावना दचकली. कडी काढली. केशरबाई.

"कपाटाची चावीच सापडत न्हवती, बाई."

भावनाने एका दमात सगळं सांगितलं. केशरबाई हसल्या नाहीत.

"बस म्हटल्यावर थांबली का?"

"नाही."

केशरबाईंनी हातमोज्यांचा डबा दारातच ठेवला. आत पाऊल टाकलं नाही.

डॉक्टरसाहेबांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "ऊन लागलं असेल, सिस्टर."

भावनाने केशरबाईंना नंतर कितीदा तरी खोदून विचारलं. कोण होती? कधीची? परवा तर ती रडकुंडीला आली.

"सांगा की! मला रोज तिथंच उभं राहावं लागतं!"

केशरबाईंनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"हात बराबर धूत जाय, बाई. तिच्याबद्दल इचारू नको."