पलीकडची खरवड

मोबाइल बाजूला ठेवा आणि जरा जवळ सरका. हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही. आणि तू गं, "मला पुरातत्त्वच शिकायचंय" म्हणून सकाळपासून आईशी भांडतेयस, तू नीट ऐक. मी तुला अडवत नाहीये. घडलं ते सांगतोय.

माझी पुतणी. तुमच्यातल्या धाकट्यांनी तिला पाहिलेलं नाही. लहानपणी अंगण उकरायची, म्हणून घरात सगळे तिला खोदूबाई म्हणायचे. पुढे शिकलीही तेच. उत्खननांवर उन्हात करपून कोळसा झाली, पण काम संपलं की पुन्हा घरी. शेवटी जुन्या इमारती जतन करणाऱ्या एका कचेरीत कंत्राटावर लागली. तिथले साहेब तिला पाण्यात पाहायचे. "खड्ड्यातली माणसं भिंतीला कशाला हात लावतात?" असं तोंडावर म्हणायचे.

बाजारपेठेत एक दुमजली घर होतं. मालकाला ते पाडून दुकानांचे गाळे काढायचे होते. घर खरोखर जुनं ठरलं, तरच पाडणं थांबणार. साहेबांनी मुदत संपता संपता ते काम हिच्या गळ्यात मारलं. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर घरचा रस्ता.

डिसेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारची रात्र. शुक्रवारी सकाळी जेसीबी येणार होता. मालकाने मुद्दाम वीज तोडलेली. तिचा फोन आला, "काका, तुमचा बॅटरीचा दिवा आणून द्याल?"

गेलो. मालक दारातच उभा.

"एक रात्र दिलीय," तो म्हणाला. "काय खरवडायचं ते खरवडा. पण आत काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही."

"काय होणार आहे?" मी विचारलं.

त्याने किल्ली माझ्या हातात आपटली आणि चालता झाला.

ती वरच्या मजल्यावरच्या कडेच्या खोलीत होती. दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवला, तशी त्या सपाट भिंतीवर उंचवटे, खड्डे, जुने ओरखडे उठून दिसायला लागले. "बघा काका, उजेड तिरपा टाकला की भिंत काही लपवू शकत नाही. दिवसा हे दिसत नाही."

"मी थांबू का?"

"तुमच्या घोरण्याने गिलावा पडेल. जा घरी."

हसलो दोघंही. मी निघालो. पुढचं तिने नंतर सांगितलं, तेही तुटक तुटक.

रंगाचे थर तपासायची यांची एक रीत असते. भिंतीवर काडेपेटीएवढा चौकोन आखायचा. पहिल्या पट्टीत वरचाच रंग ठेवायचा. दुसऱ्या पट्टीत एक थर खरवडायचा, तिसरीत दोन. पायऱ्या उतरल्यासारखं पार मूळ गिलाव्यापर्यंत जायचं; तो कसला आहे, त्यावरून घराचं वय कळतं. हातात सर्जरीचं बारीक पातं.

ती खरवडत होती. खर्र... खर्र...

हात दुखला म्हणून थांबली.

खर्र... खर्र...

आवाज भिंतीच्या पलीकडून येत होता.

पलीकडे काही नव्हतं रे. शेजारचं घर केव्हाच पाडलेलं. मोकळी जागा. आणि ही वरच्या मजल्यावर.

तिला वाटलं, मालकाने माणसं लावलीत. खिडकी उघडून ओरडली, "शिडी लावून घाबरवताय होय? लाज नाही वाटत?" मोबाइलचा उजेड भिंतीवर फिरवला. शिडी नव्हती. माणूस नव्हता. सरळसोट भिंत, खाली दगडविटा.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. ही हट्टी. मनात म्हणाली, कोणी का असेना, सकाळी यंत्र येणार आहे. पुन्हा पातं लावलं.

तीही खरवडायची, तेही खरवडायचं. हिने हात हळू केला, की तेही हळू. हिने घाई केली, की तेही...

शेवटचा थर निघाला. खाली मूळ गिलावा. तिने बोट लावलं.

कोमट होता.

पलीकडचा आवाज थांबला.

आणि दिवा गेला.

अंधार. काही नाही. स्वतःचा श्वास, बस.

मग... खर्र.

भिंतीतून नाही.

मागून.

मानेपाशी.

"दुखलं नाही काका," ती म्हणाली. "हलताच येईना, एवढंच."

 

उजाडताच चहा घेऊन गेलो, तर ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली. थरांचे फोटो काढलेला कॅमेरा छातीशी घट्ट. "सापडलं," एवढंच म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

घर जुनं ठरलं. जेसीबी परत गेला. मालकाने शिव्याशाप दिले. साहेबांनी तोंड वाकडं करून सही केली, नोकरी पक्की झाली. आज ती त्याच कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पण त्या दिवसापासून एकाही जुन्या घरात तिने पाय ठेवलेला नाही. फायली बघते, फोटो बघते. "तुम्ही जाऊन या," असं हाताखालच्या पोरांना सांगते.

त्या सकाळी तिला आमच्याकडेच आणलं होतं. तुमची काकू तिच्या केसांतली धूळ झटकत होती. मधेच मला हाक मारली, "अहो... इकडे या जरा."

मानेवर, केसांच्या खाली, एक चौकोन. काडेपेटीएवढा. कडा सरळ, पट्टी लावून आखल्यासारख्या. पहिल्या पट्टीत नुसती लव गेलेली. दुसरीत वरची कातडी. तिसरी गुलाबी. रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, ही जखमच नाही. औषध कशाला देऊ?

वर्षं झाली याला. ती तिसरी पट्टी तशीच होती. आम्हीही विषय काढायचं सोडून दिलं.

मागच्या रविवारी ती आली होती. काकूने वेणी घालायला केस वर उचलले... आणि कंगवा खाली ठेवला. माझ्याकडे बघून मानेनेच खुणावलं.

मी पाहिलं.

चौथी पट्टी.

ताजी.