न पडलेला मंडप

पडद्यावर भैरोबाचा सभामंडप कोसळला तेव्हा हेमांगी सपकाळ चहात बिस्किट बुडवत होती. बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. ज्या मंडपात तिचं बारसं झालं, तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भुईसपाट झाला होता.

"खांब जुने आणि काटकुळे, वरचा स्लॅब मात्र नवा आणि जड," डॉ. फरीदा इनामदार म्हणाल्या. इमारती भूकंपात कशा वागतात, याचा त्यांचा अभ्यास होता. "हाडकुळ्या माणसाच्या डोक्यावर धान्याचं पोतं द्यावं तसं झालंय. दुसरं काय होणार?"

कोल्हापूरच्या त्या प्रयोगशाळेत 'पायाखालची' ही चित्रमालिका तयार होत होती. मोठ्या भूकंपातून साधीसुधी माणसं कशी वाचतात, हा तिचा विषय. पण तिची कथा कुणी लिहिलेली नव्हती. हेमांगीने आपल्याच धामणखोरे गावातली घरं, माती, भिंती मोजून गणकयंत्रात उभ्या केल्या होत्या. शिवाय गावातल्या प्रत्येकाला वर्षभर हालचाली टिपणारी मनगटी बांधायला लावून त्याची 'वर्तनप्रतिमा' बनवली होती. माणूस कशाला दचकतो, दचकला की कुठे धावतो, कुणाला हाक मारतो, सगळं त्या प्रतिमेत उतरलेलं. यंत्रात भूकंप सोडायचा आणि प्रतिमा जे करतील ते चितारायचं. त्यांना शिकवायचं काहीच नाही.

एक अट मात्र होती. गावाने परवानगी देण्याआधी भैरोबाला कौल लावला होता. कौल उजवा आला, पण जाणत्यांनी बजावलं, देवाचं ठिकाण पडलेलं दाखवायचं नाही. असलं अभद्र कुणी डोळ्यांनी बघू नये. हेमांगीने तेव्हा आनंदाने मान डोलावली होती, कारण मंडप पडेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"शब्द दिलाय मी," ती आता म्हणाली. "तेवढा मंडप उभा ठेवू. एवढ्याने काय बिघडतंय?"

फरीदांनी नाक मुरडलं, पण त्याही थकल्या होत्या. मंडप उभा राहिला. यंत्रात त्याच्याखाली चिरडलेली चार-दोन माणसं मालिकेत सुखरूप राहिली आणि एकमेकांना बिलगून बाहेर आली. गंमत म्हणजे तोच प्रसंग लोकांना सगळ्यात भावला. धामणखोऱ्यात तर घरोघरी मालिकेची पारायणं झाली. आपण पडद्यावर कसे मरतो आणि कसे वाचतो, हे बघायला कोणाला आवडणार नाही?

पुढे गावात भूकंपाची रंगीत तालीम ठरली. हेमांगी मोठ्या ऐटीत गेली. भोंगा वाजला आणि तिचा ऊर भरून आला. तिच्या आईने, यमुनाबाईंनी, आधी गॅस बंद केला, मग शेजारच्या म्हातारीला पाठुंगळी घेतलं. कुणी जिन्यात रेटारेटी केली नाही. अगदी मालिकेत होतं तसं. मग सगळा गाव शाळेच्या मोकळ्या पटांगणावरून पुढे निघाला आणि शिस्तीत भैरोबाच्या मंडपात जाऊन उभा राहिला.

"ये की आत," आईने हात केला. "बाहेर का हुबी?"

हेमांगीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. यंत्रात मंडप पडतो, मालिकेत आम्ही तो पाडला नाही, एवढंच. कुणी रागावलं नाही. लोक हसले, आणि तेच तिला जास्त लागलं.

"आमचं न्हाणीघर कुठल्या अंगाला पडतंय, त्ये सुदिक बरोबर दावलंस," आई म्हणाली. "समदं खरं आन् देवाचंच तेवढं खोटं व्हय? आम्ही म्हणलं, पडलेलं दावू नगं. पडत न्हाई असं दाव, असं कुनी म्हणलं व्हतं?"

परत आल्यावर फरीदांनी एकच गोष्ट केली. गावातल्या प्रतिमांना मालिका दाखवली आणि भूकंप पुन्हा सोडला. पहिल्या खेपेला मंडपात चार-दोन माणसं मेली होती. आता निम्म्याहून अधिक गाव त्याच्याखाली गाडला गेला.

"सभा घेते. घरोघर जाते," हेमांगी म्हणाली. "पटवून दिल्यावर कळेल त्यांना."

"तेही यंत्रात करून बघू. समज, तू वर्षभर तिथे राहून समजावलंस. मग त्या दिवशी तूही गावात असशील. तुझी प्रतिमा हवी."

गावाबरोबर हेमांगीनेही वर्षभर मनगटी बांधली होतीच. प्रतिमा तयार झाली आणि भूकंप सुटला. खूप जण या वेळी पटांगणात थांबले, तिला हायसं वाटलं. पण जमीन जोरात हलू लागली तशी बऱ्याच जणांची समजूत गळून पडली. जिथे आपण वाचल्याचं मालिकेत आपणच पाहिलं होतं, तिकडे त्यांचे पाय वळले. यमुनाबाईही मंडपात शिरल्या.

पटांगणाच्या मधोमध उभी असलेली हेमांगी वळली आणि मंडपाकडे धावत सुटली.

"हे चुकलंय," खुर्चीतली हेमांगी म्हणाली. "मला माहितेय तो पडतो. मी कशी जाईन?"

"आई आत आहे तुझी," फरीदा हळू आवाजात म्हणाल्या.

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. भूकंपाचा जोर बदलला, वेळ बदलली, दिशा बदलली. आई आत गेली की तीही आत गेली, दर खेपेला. शेवटी फरीदांनी पडदा बंद केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. हेमांगीने टेबलाखाली आपल्या पायांकडे पाहिलं. हे पाय त्या दिवशी आपलं ऐकणार नाहीत, हे तिला आता कळून चुकलं होतं.