कूल्टर्डांची रांग

आपले पूर्वज कोण होते हे ज्यांना जाणून घ्यायचं असतं, ते माझ्याकडे येतात. मागे कुठेतरी एखादा सरदार नाहीतर जहाजाचा कप्तान निघेल, अशी बहुतेकांची मनातून आशा असते. निघतात ते खाणीतले मजूर, धुणं धुणाऱ्या बायका आणि लहानपणीच गेलेली मुलं. मी डरहॅममध्ये राहते आणि हे काम बरीच वर्षं करते आहे. चर्चमधल्या बारशाच्या आणि लग्नाच्या नोंदी, मग शिरगणतीचे कागद आणि शेवटी एखाद्या टेकडीवरची दफनभूमी, अशी ही वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. थंडी वाजते आणि गुडघे दुखतात, एवढंच.

अ‍ॅल्विन रॅम्सडेन माझ्याकडे आले ते सप्टेंबरात. लीड्समध्ये जन्मभर बस चालवलेला माणूस. सत्तरी ओलांडलेली, बायको गेलेली, एकुलती एक मुलगी मॅक्सीन त्याच शहरात. त्यांची आई ईडिथ अगदी लहान असताना लीड्समधल्या एका अनाथगृहाच्या पायरीवर सापडली होती. अंगातल्या कोटाच्या आतल्या बाजूला दोऱ्याने नाव भरलेलं होतं : ईडिथ कूल्टर्ड. बाकी काही नाही. तिच्या माणसांबद्दल विचारलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची, असं ते म्हणाले. रागाने नाही, गॅसवर काहीतरी राहिलं आहे अशी.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी त्यांना विचारलं. हे मी सगळ्यांनाच विचारते.

ते जरा वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मला माझं माणूस बघायचंय, बाई. मेलेलं असलं तरी चालेल."

शोध फार अवघड गेला नाही. वरच्या डोंगराळ भागात, जिथे पूर्वी शिशाच्या खाणी होत्या, तिथे स्कारबर्न नावाची एक ओसाड दरी आहे. तिथल्या चॅपेलच्या, म्हणजे लहानशा चर्चच्या, जुन्या वहीत ईडिथच्या बारशाची नोंद मिळाली. कूल्टर्ड हे तिथलं जुनं घराणं. खाणी बंद पडल्या तशी दरी रिकामी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच या घराण्यातलं शेवटचं माणूस मातीत गेलं. ईडिथला एवढ्या लांब लीड्सला कोणी नेलं आणि का, ते काही कळलं नाही. मी रॅम्सडेनना फोन करून स्पष्ट सांगितलं, की तुमचं तिथं कोणीही उरलेलं नाही. ते म्हणाले, मग निदान थडग्यांवरचे दगड तरी बघू.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी त्यांना माझ्या गाडीतून वर घेऊन गेले. वाटेत त्यांनी आपल्या हातची हॅम सँडविचं मला आग्रहाने खायला लावली आणि माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवली. "पोरी, बसमध्ये असं केलं असतंस तर म्हाताऱ्या बायका माझ्या मांडीवर येऊन पडल्या असत्या," म्हणाले. मी साठीला आले आहे, पण मला पोरी म्हटलेलं वाईट वाटलं नाही.

चॅपेलचं छप्पर केव्हाच कोणी उतरवून नेलेलं. मागे उतारावर दफनभूमी, सभोवती दगडांवर दगड रचलेली बुटकी भिंत. गवत कमरेइतकं वाढलेलं, बरेचसे दगड त्यात बुडालेले. वरच्या अंगाला, भिंतीला लागून एकच रांग मात्र स्वच्छ होती. तिथलं गवत कापलेलं होतं आणि दगडांवर शेवाळ नव्हतं. रांगेच्या टोकाला काळी शाल पांघरलेली एक म्हातारी गुडघ्यांवर बसून कात्रीने गवत कापत होती. हवेत पीट, म्हणजे इकडे सरपण म्हणून जाळतात ती दलदलीतली वाळवलेली माती, जळल्याचा वास होता, मातीचा आणि धुराचा, जसा जुन्या घरांत येतो.

आमची चाहूल लागल्यावर तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं नाही. रॅम्सडेनकडे पाहिलं.

"आलास?" ती म्हणाली. "किती उशीर केलास रे..."

त्यांना वाटलं, तिची काहीतरी गफलत होते आहे. ते नाव सांगायला लागले. तिने हातानेच थांबवलं.

"ईडिथचा ना तू? कपाळ तिचंच आहे."

मी पुढे होऊन विचारलं, तेव्हा तिने आपलं नाव केझाया सांगितलं. कूल्टर्ड का, असं विचारल्यावर म्हणाली, "इथं दुसरं कोण असणार?" खरं सांगायचं तर मला तेव्हा भीती वगैरे वाटली नाही. चीड आली, ती स्वतःचीच. घराण्याची एक जिवंत शाखा माझ्या हातून निसटली होती आणि तेही गिऱ्हाइकासमोर उघडं पडलं होतं. त्या रांगेत केझाया नावाचे एकाहून जास्त दगड होते, पण अशा घराण्यांत तीच ती नावं पुन्हा पुन्हा ठेवतात, त्याचं मला काही वाटलं नाही.

घर भिंतीच्या पलीकडेच आहे, सगळे वाट बघताहेत, असं तिने रॅम्सडेनना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा आनंद मी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर क्वचितच पाहिला आहे.

"बाई इथंच थांबतील," म्हातारी म्हणाली, पुन्हा माझ्याकडे न बघता.

भिंतीत एक खिंडार होतं, त्यातून ती दोघं पलीकडे गेली. मी दगडांचे फोटो काढत राहिले. धुकं उतरायला लागलं होतं. थोड्या वेळाने पलीकडून भांड्यांचा आवाज आला, बाकं सरकवल्याचा आवाज आला. मग पुष्कळ माणसं एका सुरात हलक्या आवाजात जेवणाआधीची प्रार्थना म्हणाली. मला वाटलं, एवढी माणसं आहेत, मग यांची नावं कुठल्याच यादीत कशी नाहीत...

रॅम्सडेन परत आले तेव्हा त्यांच्या कोटावर पावाचा चुरा होता आणि गाल लाल झाले होते. कपड्यांना तो धुराचा वास. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "सगळे घरी होते." आणि मग थोड्या वेळाने, "आईचं ताट मांडलेलं होतं. मॅक्सीनचंही."

त्यांनी मुलीचं नाव तिथं कोणाला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. आठवत नाही, म्हणाले.

घरी आल्यावर मी सगळं पुन्हा तपासलं. स्कारबर्नमध्ये कूल्टर्ड आडनावाचा एकही माणूस राहत नव्हता. त्या दरीत कुठल्याच आडनावाचा माणूस राहत नव्हता. उतारावरचं ते घर जुन्या नकाशात होतं, नव्या नकाशात त्याच्या जागी पडीक म्हणून खूण होती. मी त्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. "कागदावर नसलेली माणसंसुद्धा जेवतात, पोरी," म्हणाले. आता आणखी काही शोधायला नको, असंही म्हणाले आणि माझे आभार मानले.

जानेवारीत मॅक्सीनचा फोन आला. मी तिला तोवर पाहिलेलं नव्हतं. आवाज थकलेला पण सरळ होता. बाबा दर आठवड्याला बस बदलत बदलत तिकडे वर जातात, घरी काहीच खात नाहीत, कशालाच चव नाही म्हणतात, तरी अंगाने मात्र भरले आहेत, असं तिने सांगितलं. आता राहत्या घराची किल्ली मालकाला परत करून तिकडेच राहायला गेले होते. "हे नातेवाईक कोण आहेत?" तिने विचारलं. "मला फक्त त्यांच्याशी दोन शब्द बोलायचेत."

मी म्हटलं, चल, जाऊन बघू.

आम्ही गेलो तेव्हा भरदुपार होती आणि बर्फ पडत होता. दफनभूमी ओलांडून आम्ही भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेलो. घर होतं, म्हणजे घराच्या चार भिंती होत्या. छप्पर नव्हतं. चुलीच्या जागी एक रानटी झाड वाढून तेही म्हातारं झालेलं. आणि आत, मधोमध, अ‍ॅल्विन रॅम्सडेन एका दगडावर बसले होते, जेवणाच्या टेबलाशी बसावं तसे, दोन्ही कोपरं हवेत टेकवून.

घरात सगळीकडे बर्फ साठला होता. फक्त त्यांच्यासमोर एक लांबट पट्टा कोरडा होता. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने लहान लहान कोरड्या जागा होत्या, माणूस बसेल एवढ्या. वरून बर्फ पडत होता आणि तिथं पोचत नव्हता. रॅम्सडेनच्या खांद्यांवरही बर्फाचा कण नव्हता.

"बाबा," मॅक्सीन म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं. चेहरा उजळला. "आलीस? बस ना. तुझी जागा ठेवलीय..." त्यांनी शेजारची कोरडी जागा थोपटली.

मॅक्सीन लीड्सहून एकटी गाडी चालवत आली होती, रात्रभर झोपलेली नव्हती. बापाने बस म्हटल्यावर लेक बसते, तशी ती खाली वाकली. मी तिच्या कोटाची कॉलर धरून तिला मागे ओढलं. एवढ्या जोराने, की आम्ही दोघी बर्फात पडलो. त्याच क्षणी तिथली कुजबुज थांबली. कुजबुज चालू होती हे ती थांबल्यावर मला कळलं.

मॅक्सीन उठली, कोरड्या जागेत पाय न ठेवता हात लांब केला आणि बापाचा दंड धरला. "घरी चला, बाबा," म्हणाली. "माझ्या घरी."

त्यांनी टेबलाच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या टोकाकडे, परवानगी मागितल्यासारखं. मग पानावरून उठवलेल्या मुलासारखे गुमान तिच्याबरोबर निघाले. बाहेर पहिलं पाऊल टाकताच ते थंडीने लटलट कापायला लागले.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. मॅक्सीनने समोर काय काय ठेवलं, मटणाचा रस्सा, खीर, आपल्या आईच्या पद्धतीचा पाव. ते घास तोंडात धरून बसायचे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शेवटी शेवटी त्यांनी एकच मागितलं, मला त्या रांगेत ठेवा. फेब्रुवारी संपता संपता ते गेले.

मॅक्सीनने त्यांना लीड्समध्ये आपल्या आईशेजारी पुरलं. डेपोमधले चार-पाच जुने सहकारी आले होते. सगळे गेल्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. बापाची शेवटची इच्छा मोडली याचं तिला फार लागलं होतं. पण तीच म्हणाली, "आजीला कोणीतरी उचलून एवढ्या लांब आणून सोडलं. ते उगाच नसेल. मी त्यांना परत नेऊन देणार नाही."

तिला आता दर महिन्याला फोन करते. ती बरी आहे. व्यवस्थित जेवते. ते मी आवर्जून विचारते.

मे महिन्यात दुसऱ्या एका घराण्याच्या कामासाठी मला पुन्हा स्कारबर्नला जावं लागलं. त्यांचे दगड खालच्या अंगाला होते, वरच्या रांगेपासून दूर. स्वच्छ ऊन होतं, चंडोल ओरडत होते, वाराही नव्हता. मी बसून एका दगडावरची झिजलेली अक्षरं उतरवून घेत होते. तेवढ्यात माझ्याजवळच्या भिंतीपलीकडून कोणीतरी हळू आवाजात दुसऱ्या कोणाला तरी विचारलं, "ही कोणाची गं?"

माझी पेन्सिल थांबली. मी मान वळवली नाही. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं, त्यांना ठाऊक नाही.

"इझोबेलची," एका पुरुषाने सांगितलं, अगदी सहज.

इझोबेल हे माझ्या आईचं नाव. तिच्या माहेरची माणसं कोण, हे मी आजवर कधी शोधलेलं नाही.