टाकीच्या तोंडावरची गाठ

मामांना हवा होता आकाशातून पडलेला एक दगड. त्याच्यापायी त्यांनी तरुणपणापासून डोंगर पालथे घातले होते, आणि या खेपेला तो खरोखरच सापडला! काळाकभिन्न, अंगभर खळगे पडलेला आणि आकाराच्या मानाने भलताच जड. पहारी लावून तिघांनी तो ट्रकवर चढवला, तेव्हा मामांचा चेहरा नुकत्याच बाप झालेल्या माणसासारखा फुलला होता.

तिघं म्हणजे मामा, मामी आणि ट्रक चालवणारी भाची. ट्रक तिच्या वडिलांच्या वेळचा, डिझेलवरचा. तिने त्याचं नाव ‘म्हातारी’ ठेवलं होतं. बांधाबांधीचं खातं मामींकडे. मामींनी एकदा गाठ मारली की ती सोडवणाऱ्याची नखं शाबूत राहत नसत. वाटेत वाळूचा पट्टा लागणार म्हणून त्यांनी डबे, पिशव्या, कंदील, दिसेल ते आवळून टाकलं होतं.

परतीच्या वाटेवर, वाळू मागे पडल्यावर, कड्यात खोदलेल्या अरुंद रस्त्याचं शेवटचं अवघड वळण म्हातारीने घेतलं आणि पाठीमागे गडगडाट झाला. दरड! आले तो रस्ता दगडांखाली गडप!

“वाचलो!” मामा ओरडले.

तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

भाचीने चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. पुन्हा. पुन्हा! पाचावर धारण बसलेल्या माणसाला थांबायचं कुठे सुचतं? काचेवर बर्फाचे पहिले कण आपटायला लागले होते. मागच्या चाकांपासून चार हातांवर कडा, त्याखाली तळ न दिसणारी दरी. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला कातळाची सरळ भिंत. पुढचा रस्ता सपाट आणि मोकळा होता, पण पहिली वस्ती दीड दिवसाच्या चालीवर, आणि मामींचा गुडघा कालपासून सुजलेला. इथे रात्र काढणं म्हणजे गोठून मरणं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

भाची खाली उतरली. डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून तिने हातपंप दाबला. नुसता फेस, मग तोही नाही.

“डिझेलचा काटा तर अर्ध्यावर आहे!” ती पुटपुटली आणि टाकीकडे गेली. झाकणावर प्लास्टिक, प्लास्टिकवर सायकलची ट्यूब, आणि ट्यूबवर ती सुप्रसिद्ध गाठ.

“मामी, हे कधी केलंत?”

“वाळू लागायच्या आधी. धूळ गेली असती ना गं आत?”

भाचीने चाकूने ट्यूब कापली. झाकण फिरवताच टाकीने फुस्सकन हवा ओढली.

“बाहेरून हवा आत गेली नाही, तर डिझेल निघणार कसं, मामी? तिचा श्वासच कोंडला होता!”

मामींचा चेहरा पडला. “म्हणजे मीच...”

“आणि नुसती चावी फिरवत बसले ती मी,” भाची म्हणाली. रागवायला वेळही नव्हता. बोटं बधिर होईपर्यंत तिने पंप मारला. फेस, बुडबुडे आणि अखेर स्वच्छ डिझेलची धार! स्क्रू आवळून ती धावत आत गेली. चावी फिरवली.

टक्.

बॅटरीने मान टाकली होती.

भाचीने डोकं स्टिअरिंगवर टेकलं. मग एकदम उचललं. बाबांनी एकदा मागचं चाक जॅकवर उचलून, त्याला दोर गुंडाळून ओढला होता. चाक फिरलं की इंजिन फिरतं!

जॅक लागला, बाकीच्या चाकांना दगड लागले, दोर गुंडाळला. तिघांनी जीव खाऊन ओढलं. चाक जेमतेम अर्धा फेरा फिरलं आणि मामी गुडघा धरून खाली बसल्या.

“ताकद कमी पडतेय,” भाचीचा आवाज रडवेला झाला. “एकदम जोरात हिसका बसायला हवा. मोठं वजन हवं.”

मामा बराच वेळ कड्याकडे बघत राहिले. मग ट्रकच्या मागे गेले आणि दगडावरचा बर्फ त्यांनी हाताने झटकला.

“वजन आहे की,” ते म्हणाले.

“अहो, नको!” मामी कळवळल्या. “आयुष्य घातलंत त्याच्यापायी.”

“उरलेलं तुम्हा दोघींबरोबर घालवायचंय. बांध दोर.”

मामींनी दगडाला दोर बांधला, जन्मात मारली नसेल अशी गाठ मारून. दोराचं दुसरं टोक मात्र चाकावर नुसतं गुंडाळलं. ते सुटायलाच हवं होतं, नाहीतर दगडाबरोबर म्हातारीही दरीत गेली असती. बांधायला निघालेला हात त्यांनी महत्प्रयासाने मागे घेतला.

फळ्यांवरून दगड घसरवत कड्याच्या तोंडाशी आणला. भाची आत बसली. टॉप गिअर! पाय ॲक्सिलरेटरवर.

“मामा, सोडा!”

मामांनी पहार टेकली. क्षणभर थांबले. आणि लोटलं!

दोर ताणला. चाक गरगरलं. म्हातारी हादरली, खोकली, काळा धूर ओकली... आणि धडधडली! भाचीने क्लच दाबला. दोराचं टोक सटकून कड्यापलीकडे गेलं. खूप खालून एकच आवाज आला.

जॅक काढून म्हातारी निघाली. ट्रकचा रिकामा हौदा खडखडत होता.

“इतक्या लांबून पडत आला होता,” मामा म्हणाले, “आणखी थोडा पडला, एवढंच.” आणि त्यांना रडू फुटलं.

मामींनी त्यांचा हात घट्ट धरला. “रडा आता हवं तेवढं,” त्या म्हणाल्या. “गाडी चालू आहे.”